चुनखडकाचे सर

सर पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी दाराबाहेर बूट काढले, माझ्या सासूबाईंना वाकून नमस्कार केला आणि खिशातून काचेची कुपी काढून देवघरासमोरच्या फरशीवर तेजाबाचे थेंब टाकले. फरशी फसफसली. सर उकिडवे बसून ती फसफस संपेपर्यंत बघत राहिले. मग मान वर करून माझ्या नवऱ्याला म्हणाले, "अस्सल चुनखडक हाय. शहाबादी. साहेब, तुमी समुद्राच्या तळावर संसार करून राहिलात, ठावं हाय का?"

नवऱ्याला ठाऊक नव्हतं. तो रेल्वेत कारकून. समुद्र त्याने एकदाच पाहिला होता, तोही लांबून. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांना समुद्राचं काहीच कौतुक नव्हतं. सर गेल्यावर त्यांनी ती जागा पुन्हा पुन्हा पुसली. फरशीची चकाकी गेली ती गेलीच.

"कामून आणलीस गं ही ब्याद घरात?"

"आमच्या विभागात नवे आलेत, आत्याबाई. ओळख व्हावी म्हणून बोलावलं."

"झाली वळख. आता पुरे."

पुरे म्हणणं आमच्या हातात नव्हतं. सरांना माणसं नकोशी झाली हे कळतच नसे. त्यांना दगड कळायचा.

ही गोष्ट लातूर उस्मानाबादेतून फुटून वेगळा जिल्हा झाला त्या सुमाराची. मी नांदेडच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत होते. माहेर मात्र औशाजवळच्या खेड्यातलं, म्हणून जिल्हा झाल्याचा आनंद मला नांदेडात बसूनही झाला होता. पण जिल्हा आला आणि पाऊस गेला. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या गावात टँकर होता. एरवी आमच्या विषयाला कुणी फिरकत नसे. त्या वर्षी बाकं पुरेनात. कारण सरळ होतं. नव्या जिल्ह्यात पाण्याच्या खात्याची नवी कचेरी निघणार, बोअरची जागा दाखवणारी माणसं लागणार. पोरांना काळा दगड शिकायचा होता. आमच्याकडे दुसरं आहे काय? देवळाच्या पायरीपासून घरातल्या जात्यापर्यंत सगळा लाव्ह्याचा काळा दगड.

आणि सर चुनखडक शिकवत होते. जूनमध्ये सुरू केला तो दिवाळी तोंडावर आली तरी संपेना. शेवटी प्राचार्यांनी बोलावलं.

"सर, अभ्यासक्रमात चुनखडक किती आहे?"

"एक प्रकरण."

"मग दिवाळी आली की हो."

"प्रकरण लई खोल हाय, साहेब."

राहिलेला सगळा अभ्यासक्रम माझ्या गळ्यात पडला. काळा दगड मी, भूजल मी, नकाशे मी. विभागप्रमुख निवृत्तीच्या वाटेवर होते, त्यांनी हात वर केले. पोरं तक्रार करायला यायची ती माझ्याकडे. "मॅडम, आमच्या गावात प्यायला पाणी न्हाई आन् सर समुद्रातले किडे शिकवून राहिलेत." मी एकदा रागारागाने मागच्या बाकावर जाऊन बसले, नेमकं काय चाललंय ते बघायला.

सर देगलूरचे. घरात तेलुगू, बाजारात कानडी, शाळेत मराठी आणि बापाच्या तोंडी उर्दू, अशा चार भाषांत वाढलेले. पुढे तेलाच्या कंपनीत लागले आणि उमेदीची सगळी वर्षं मुंबईजवळच्या समुद्रात, पोलादी फलाटांवर काढली. समुद्राच्या तळाखालचा चुनखडक भोकं पाडून वर काढायचा आणि त्यात तेल आहे का, असेल तर निघेल का, ते सांगायचं, हे त्यांचं काम. तिथले जाडजूड बूट ते नांदेडच्या मे महिन्यातही घालत.

"लोकांला वाटतं, तेल म्हंजे जमिनीखाली तळं भरलंय," ते सांगत होते. "तसं नसतंय. तेल दगडात असतंय. दगडाच्या भोकात. आता वाळूचा खडक सरळ माणूस हाय. जसा बसला तसा बसला. चुनखडकाचं तसं न्हाई. ह्यो जित्या जीवांपासनं होतो. शिंपले, पोवळी, डोळ्याला दिसत न्हाईत असले बारके जीव. उथळ, उबदार, नितळ समुद्रात जगले, मेले, त्यांच्या चुन्याचा थर बसला. आन् खरी गंमत मेल्यानंतर हाय. पाणी येतं. हितलं विरघळवतं, तिकडं नेऊन भरतं. हितं भोक पाडलं, तितं बुजवलं. म्हनून हातभर अंतरावर खडक बदलतो. एका विहिरीत तेल, शेजारच्या विहिरीत ठणठणाट. मंग चुनखडक वळखायचा कसा? भोकं किती, ते बगून न्हाई. भोकं एकमेकाला जोडलेली हायत का, ते बगून."

खरं सांगायचं तर चांगलं शिकवत होते. त्यामुळे माझा राग आणखी वाढला.

'जोडलंय का?' हा त्यांचा जन्माचा प्रश्न. कशालाही विचारायचे. स्टाफरूमचा पंखा बंद पडला, जोडलंय का? लातूरची गाडी परभणीला गाठता येते म्हटलं, जोडलंय का? विभागप्रमुखांनी मुलीचं लग्न ठरल्याचे पेढे वाटले, तेव्हाही तोंडात पेढा धरून सरांनी तेच विचारलं. विभागप्रमुख आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. सरांच्या ते लक्षातही आलं नाही.

दिवाळीला ते न बोलावता फराळाला आले. आत्याबाईंनी नाइलाजाने ताट पुढे केलं. सरांनी अनारसा उचलला, उजेडाकडे धरून त्याची जाळी बघितली आणि त्यावर चहा ओतला. चहा आरपार जाऊन ताटात पडला. "बगा, जोडलेलं हाय," म्हणाले. "आता घरात टाचा घासायचा दगड आसंल, तो द्या."

मी अडवायच्या आत नवऱ्याने कौतुकाने न्हाणीतला दगड आणून दिला. सर उठले आणि त्यांनी तो पिण्याच्या घागरीत सोडला. दगड पाण्यावर तरंगला.

"ह्याला भोकं अनारशापरीस जास्त. पण एकाचा दुसऱ्याला पत्ता न्हाई. म्हनून पाणी आत शिरत न्हाई, दगड बुडत न्हाई. ह्यात तेल आसलं तरी एक थेंब निघणार न्हाई."

आत्याबाई घागरीकडे बघत होत्या. नळाला पाणी दिवसाआड यायचं आणि ते भरायला त्या पहाटे उठायच्या. त्या माझ्याकडे वळल्या. "पायाचा दगड! प्यायच्या पाण्यात! आता ही घागर तुज्या सरांच्या डोक्यावर वतू का तुळशीला?"

"तुळशीला वता," सर मनापासून म्हणाले. "वाया कामून घालवता?"

हिवाळ्यात त्यांनी सहल काढली. नांदेड जिल्ह्यात चुनखडक उघडा पडतो तो पैनगंगेच्या अंगाला, किनवटकडे. मुदखेडला गाडी बदलून आम्ही गेलो. मुलींची जबाबदारी माझ्यावर. रानात फिरून फिरून राखाडी, पट्ट्यापट्ट्यांचा दगड सापडला. पोरं शिंपले शोधायला लागली.

"शिंपले न्हाईत ह्यात," सर म्हणाले. "ह्यो खडक लई म्हातारा. शिंपल्याचे जीव जन्मायच्या आदीचा."

"मग तेल, सर?"

"न्हाई."

"भोकं तरी?"

"सगळी बुजलेली."

"मग आम्हाला आणलं कशाला, सर?"

"न्हाई म्हंजे कसं असतंय, ते बी बगाय लागतंय की."

एवढं बोलून ते एका भेगेपुढे पालथे पडले आणि उठेचनात. परतीची गाडी गेली. मुलींना घेऊन एका शाळेत मुक्काम करावा लागला, घरोघरी निरोप धाडताना माझी दमछाक झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी मुदखेडच्या फलाटावर गाडीची वाट बघताना माझा बांध फुटला. पोरांदेखत मी त्यांना झापलं. म्हटलं, तुम्हाला जबाबदारी कळत नाही, माणसं कळत नाहीत, एका भेगेपायी तुम्ही परक्या मुलींना रानात ठेवलंत.

ते ऐकून घेत बसले. मग म्हणाले, "बाई, एका भेगेपायीच मी समुद्र सोडला."

समुद्राखालून एकदा दगड वर आला. सगळा शिंपल्याच्या आकाराच्या भोकांनी भरलेला. शिंपले कधीच विरघळून गेले होते, राहिले होते त्यांचे रिकामे साचे, आणि साच्यांत तेल होतं. सर नाचले होते म्हणे. वरच्या साहेबांना त्यांनी छातीठोकपणे सांगितलं, ही विहीर वाहील. ती वाहिली नाही. प्रत्येक साचा आपल्या जागी बंद. आणि शेजारची विहीर, जिचा दगड घट्ट आणि कोरा म्हणून त्यांनी नापास केली होती, तिच्यात केसाएवढ्या भेगा होत्या. ती वाहत राहिली.

"भोकं दिसली म्हनून मी भाळलो. भेग दिसली न्हाई म्हनून सोडलं. मंग म्हटलं, आता सगळ्या विहिरी तपासू, कोण कुणाला जोडलंय ते. साहेब म्हणाले, येळ न्हाई. मी म्हटलं, मंग मला बी न्हाई."

मला वाईट वाटलं. ते फार टिकलं नाही, कारण तेवढ्यात गाडी आली आणि सर हातोडी फलाटावर विसरले म्हणून खाली उतरले. साखळी ओढून गाडी थांबवली ती मी, आणि गार्डाची बोलणी खाल्ली तीही मीच.

अशा माणसाला मी माहेरी नेलं. नेलं म्हणजे न्यावं लागलं. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, गावचे सरपंच होते. आम्ही लिंगायत, घरची शेती आणि गावात किराणा दुकान. गावात दोन विहिरी. एक चावडीपुढची, तिला इंजिन बसवलेलं. दुसरी वेशीपलीकडच्या बौद्ध वस्तीची, पोहऱ्याने शेंदायची. दोन्हींचं पाणी खोल गेलं होतं. नव्या जिल्ह्यातून गावाला बोअर मंजूर झाली होती आणि गावाने जागाही ठरवून टाकली होती, चावडीच्या विहिरीला लागून. फक्त एखाद्या जाणत्या माणसाचा होकार हवा होता. अप्पांना लेकीच्या कॉलेजातले तेलवाले सर आठवले.

"अक्का, येऊन नुसतं हो म्हणू दे त्यांला," अप्पांनी मला निरोप धाडला. मला तेव्हाच कळायला हवं होतं की सर नुसतं हो कधीच म्हणत नाहीत.

आल्या आल्या त्यांनी चहा नाकारला आणि दोरीला दगड बांधून दोन्ही विहिरींत सोडला. मग पोहरा घेऊन दोन्हीकडचं पाणी प्यायले. चावडीचं इंजिन चालू असताना वस्तीच्या विहिरीवर जाऊन बसले, बंद असताना पुन्हा जाऊन बसले. विहिरीत उतरून भिंतीतला लाल थर नखाने खरवडला, जिभेला लावला. गाव गंमत बघत होतं, मी मान खाली घालून फिरत होते. संध्याकाळी पारावर माणसं जमली तेव्हा ते म्हणाले, "हितं बोअर मारू नका. वस्तीची विहीर आटंल."

रामलिंगअण्णा म्हणून अप्पांचे चुलतभाऊ होते, ट्रॅक्टरवाले, गावात त्यांचा शब्द चाले. ते हसले. "सर, ती हीर येगळी, ही येगळी. झरेच येगळे हायत. वाडवडलापासनं येगळे. त्या पाण्याची चवसुदिक येगळी हाय."

"कुणी चाखली?" सरांनी विचारलं.

रामलिंगअण्णा खाली वाकून वहाण शोधायला लागले.

"न्हाई, मी आपलं शास्त्रासाठी विचारून राहिलो," सर म्हणाले. खरोखरच शास्त्रासाठी विचारत होते. दुसऱ्या कुणी हाच प्रश्न टोमणा म्हणून विचारला असता तर मला आवडला असता. ते उत्तराची वाट बघत एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते.

त्यांनी पुढे काय केलं ते आम्हाला नंतर कळलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून त्यांनी रंगाची पुडी आणली होती. चिमूटभर टाकली तरी पाणी पोपटी होतं आणि पिणाऱ्याला काही होत नाही. तेलाच्या विहिरी एकमेकींना जोडलेल्या आहेत का, ते असंच काहीतरी सोडून बघतात म्हणे. वस्तीत गयाबाई म्हणून एक म्हातारी होती, तिला त्यांनी विचारलं, "मावशी, तुमच्या पाण्यात रंग टाकू का?"

"पिऊन मरत न्हाई न्हवं?"

"न्हाई. मी आदी पितो."

"मंग टाका. हाय तरी काय त्या हिरीत."

गयाबाईला विचारलं. सरपंचाला विचारलं नाही, मला सांगितलं नाही. आम्ही दोन दिवस सरांना धपाटी वाढत होतो आणि जमिनीखालून तो रंग चावडीकडे सरकत होता. तिसऱ्या सकाळी इंजिन सुरू झालं आणि चावडीच्या पाइपातून पोपटी पाणी पडलं.

बायका घागरी टाकून मागे सरल्या. कुणी म्हणालं विष, कुणी म्हणालं करणी. सगळं गाव जमलं. आणि त्या गर्दीतून वाट काढत सर धावत आले, अंगात नुसती बंडी, आनंदाने रडायच्या बेतात. "आलं! बाई, आलं! जोडलंय! वस्तीत टाकलं ते हितं निघालं!"

त्या क्षणी मला कुणी विचारलं असतं तर मीच त्यांना विहिरीत ढकललं असतं.

रामलिंगअण्णा पुढे आले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "म्हंजे त्यांच्या हिरीतलं पाणी आमच्या हिरीत येतंय?"

"हाव."

"कदीपासनं?"

"कदीपासनं म्हंजे? गाव बसायच्या लई आदीपासनं. खाली तो लाल थर हाय ना, त्याच्या आजूबाजूचा दगड कुजून त्याची भोकं एकमेकांत उघडलीत. तुमचं इंजिन वढतंय, त्यांचं पाणी हिकडं येतंय. तुमी सगळे तेच पिऊन राहिलात."

मग जो गोंधळ झाला तो मी सांगत बसत नाही. विहीर बाटवली म्हणाले, पोलिसात द्या म्हणाले, एकाने सरांची बंडी धरली. अप्पा मध्ये पडले म्हणून सर धड राहिले. त्या दिवशी चावडीच्या विहिरीवर कुणी फिरकलं नाही. टँकर येईल म्हणून सगळे थांबले. टँकर आला नाही. त्याला आणखी गावं होती. दुसऱ्या दिवशीही आला नाही. लहान पोरं रडायला लागली.

माझी आई, आम्ही तिला अव्वा म्हणायचो, एवढं सगळं होईपर्यंत चुलीपुढून उठली नव्हती. तिने घागर घेतली आणि चावडीकडे चालू लागली. अप्पा म्हणाले, "अगं, थांब." ती थांबली नाही. विहिरीवर अण्णांची बायको लांब उभी होती, तिला म्हणाली, "माज्या सासूनं हेच पाणी प्यालं, तुज्या सासूनं बी. कुनाचं काय वाकडं झालं? सर बावळट हाय, पर लबाड न्हाई." तिने भरली, डोक्यावर घेतली आणि परत आली. मागोमाग बाकीच्या आल्या. रंग तोवर फिका पडला होता.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण बोअर राहिलीच होती. सरांनी वेशीपाशी जागा दाखवली, दोन्हीकडच्यांना सारखी पडेल अशी. अप्पा त्यांना ओसरीत घेऊन बसले. "सर, तुमचं खरं आसंल. पर मला ह्या गावात राहायचंय."

"मंग तर वेशीतच मारा," सर म्हणाले. त्यांना कळलंच नाही.

अप्पांनी नारळ हातात धरून जागा दाखवणारा पाणाड्या आणला, त्याने चावडीची जागा दाखवली, तिथेच बोअर झाली. पाणी लागलं. गुलाल उधळला. महिना व्हायच्या आत वस्तीची विहीर तळाला गेली, आणि वस्तीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन चावडीपासून लांब, उन्हात बसायला लागल्या, कुणी वरून ओतेल म्हणून. मी सुट्टीला गेले तेव्हा गयाबाई तिथे बसलेली पाहिली. मी तिला घागर भरून दिली. ती एवढंच म्हणाली, "बाई, तुमी रोज येनार का?"

सर मात्र दर रविवारी नांदेडहून एसटीने जायचे, कोरड्या विहिरीत दोरी सोडायचे आणि परत यायचे. एका रविवारी ते गयाबाईला आणि वस्तीतल्या बायकांना घेऊन थेट लातूरच्या जिल्हा कचेरीत गेले. मला म्हणाले, "बाई, तुमी चला. माझं बोलणं लोकांला लवकर कळत न्हाई." हे त्यांना ठाऊक होतं, याचंच मला नवल वाटलं. रविवारी कचेरी बंद असते, हे मात्र ठाऊक नव्हतं. आम्ही सोमवारपर्यंत लातूरच्या धर्मशाळेत राहिलो. मी रजा टाकली.

जिल्हा नवा, कचेरी भाड्याच्या इमारतीत, खोल्यांना फळ्यांचे आडोसे. कलेक्टर साहेब तरुण होते, सभ्य होते. त्यांनी सरांना बसायला सांगितलं ही त्यांची चूक. सरांनी उथळ, उबदार, नितळ समुद्रापासून सुरुवात केली. मी दोनदा त्यांना पाण्यावर आणायचा प्रयत्न केला, ते म्हणाले, "बाई, पाया कच्चा राहिला तर साहेबाला पटणार न्हाई." जेवणाची वेळ झाली तेव्हा पोवळी मरून थर बसत होते. साहेब म्हणाले, बघतो, चौकशी करतो.

दुसऱ्या दिवशी सर पुन्हा खुर्चीत. "काल आपण थरापर्यंत आलो होतो."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. दुपारी गयाबाई उठून उभी राहिली. "सायेब, ह्यांचं संपायचं न्हाई. मी म्हातारी हाय, मला तेवडा येळ न्हाई. आमची हीर आटली, बोअरनं आटली. तुमी एकदा येऊन बगा."

त्यानंतरच्या सकाळी सर दारात दिसले तेव्हा साहेब उभेच होते. जीप काढायला सांगितली होती. दोरी, इंजिन, दोन्ही विहिरी, सगळं त्यांनी स्वतः पाहिलं, आणि तिथेच आदेश केला. बोअरचं पाणी वेशीत हौद बांधून त्यात सोडायचं, तोट्या दोन्ही बाजूंना. माझी खात्री आहे की साहेबांना भूगर्भशास्त्रातलं काडीचं कळलं नव्हतं. चौथ्या दिवशी सर परत येतील, एवढं मात्र कळलं होतं.

हौदाच्या दिवशी साहेब आले, वस्ती आली, गावही आलं, कारण साहेब आले होते. अप्पांच्या हाताने तोटी सोडली. अप्पांचा चेहरा उतरला होता, पण गयाबाईची घागर भरताना त्यांनी घागरीला हात लावून आधार दिला, ते सगळ्यांनी पाहिलं. मला वाटलं, झालं, आता सगळं गोड होईल. तेवढ्यात कुणीतरी सरांना शाल पांघरली आणि बोलायला उभं केलं.

"पाणी लागलं म्हनून नाचू नका," सर म्हणाले. "मी एकदा नाचलोय. खालचं पाणी सगळ्यांचं एकच हाय आन् थोडं हाय. औंदा पाऊस पडंल. पडला की सरपंच मळ्यात ऊस लावणार, त्यांनी मला स्वतः सांगितलंय, धपाटं खाताना. मळ्याची विहीर बी ह्याच थराला जोडलेली हाय. ऊस लागला की हा हौद दोन उन्हाळे बी चालणार न्हाई."

साहेबांनी अप्पांकडे पाहिलं. अख्ख्या गावाने पाहिलं. अप्पा उठून घरी निघून गेले. त्या रात्री ते जेवले नाहीत आणि पुढे कित्येक महिने माझ्याशी धड बोलले नाहीत. मी सरांना एसटी स्टँडवर विचारलं, हे आजच सांगायची काय गरज होती? ते म्हणाले, "मंग कवा? आज सगळे आले होते की."

उन्हाळा संपताना कॉलेजने त्यांना जागा तात्पुरती होती म्हणून कळवलं. ते राजस्थानकडे कुठल्याशा चुनखडकाच्या खाणीवर गेले. जाताना विभागात दगडांच्या सात पेट्या माझ्या नावाने ठेवून गेले. त्या उचलून लावता लावता माझी कंबर गेली. पत्र कधी आलं नाही. पोरं त्या वर्षी चुनखडकात पहिल्या वर्गात पास झाली आणि काळ्या दगडात काठावर.

पाऊस पडला, बरा पडला. दसऱ्यानंतर मी माहेरी गेले. आजूबाजूच्या मळ्यांत उसाच्या सऱ्या पडल्या होत्या, अण्णांचा ऊस तर लावूनही झाला होता. अप्पांच्या मळ्यात हरभरा उगवून आला होता.

"ऊस नाही का लावला, अप्पा?"

"बेणं चांगलं मिळालं न्हाई औंदा," अप्पा म्हणाले, आणि काहीतरी आठवल्यासारखे उठून दुकानाकडे गेले.

मी मागच्या अंगणात गेले. गोठ्यापुढे उसाच्या बेण्याच्या मोळ्या पडल्या होत्या, जाड कांडीच्या, डोळे फुगलेल्या. बैल त्या सावकाश चघळत होते.